वॉकीटॉकी घेताय? आधी ४४६ हा आकडा बघा

लूम चालू असताना आमच्या टॉवेलच्या युनिटमध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मोबाईल खिशात वाजतो ते कळत नाही, आणि कळलंच तर बाहेर जाऊन कानाला लावेपर्यंत समोरचा कंटाळून बंद करतो. सायझिंगवरून, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यातून, बीम (ताण्याच्या सुताचा रोल) निघाला का, गेटवर टेम्पो लागला का, बॉयलरची वाफ का उतरली, या तीन प्रश्नांपायी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या आवारात एक पोरगा दिवसभर नुसता पळायचा. म्हणून वॉकीटॉकी घ्यायच्या ठरल्या. मी ऑनलाइन सहा सेट मागवले. जाहिरातीत ‘पाच वॅट, दहा किलोमीटर, लायसन्सची गरज नाही’ असं छापलं होतं, आणि भावही बरा होता.

सेट आले त्याच आठवड्यात हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं रेडिओवर बोलण्याचा, नाद असलेला माझा एक मित्र सहज युनिटवर आला. त्यानं एक सेट हातात घेतला, बटणं दाबून पडद्यावर १४५ मेगाहर्ट्झ आणला, मग ४३५, मग ४६२. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतोय ते हा आकडा सांगतो. म्हणाला, “मालक, हा सेट कुठल्याही आकड्यावर बोलतोय. उद्या पोलिसांच्या चॅनेलवर गेला तर काय सांगणार? ईटीए नंबर कुठाय याचा?” डबा उलटापालटा करून पाहिला, सरकारी मंजुरीचा तो नंबर कुठेच नव्हता. विक्रेता परत घ्यायला तयार नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, महिनाभर पाठपुरावा केला, तेव्हा कुठे सेट गेले आणि पैसे आले. तुम्ही कारखाना चालवत असा, मंगल कार्यालय सांभाळत असा, नाहीतर मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या उतरवून घेत असा, त्या महिन्याभरात मी जे शिकलो ते तुम्हाला फुकट.

पहिली पायरी: कागद

आपल्याकडे रेडिओवर बोलायचं साधन नुसतं जवळ बाळगायलाही मुळात परवाना लागतो. हे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून चालत आलंय, आणि विनापरवाना ट्रान्समीटर बाळगल्यास त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. आता १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि हा १९३३ चा कायदा या दोन्हींची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं घेतोय. कायदा कुठलाही धरा, मुद्दा तोच राहतो: परवाना घ्या किंवा सरकारनं ज्याला सूट दिलीय तेच वापरा.

ती सूट वॉकीटॉकीला मिळाली २०१८ च्या नियमांनी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढा चिंचोळा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवानामुक्त झाला. या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतरानं सोळा चॅनेल बसतात. पहिलं ४४६.००६२५ वर आणि सोळावं ४४६.१९३७५ वर. युरोपात हाच पट्टा याच कामाला वापरतात, म्हणून तिकडचे सेट इकडे जुळतात. अमेरिकेतले मात्र जुळत नाहीत. तिकडचे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात. तिकडे ते बिनपरवाना चालतात, इथे तो पट्टा आपल्याला मोकळा नाही. अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भाच्यानं मामाला भेट म्हणून जोडी आणली, असं आपल्याकडे हमखास होतं. ती जोडी कपाटातही ठेवू नका.

दुसरा कागद ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली टाइप मंजुरी. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा ती देते. तिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो. पट्टा परवानामुक्त असला तरी सेटला ही मंजुरी लागतेच, आणि इथेच बहुतेक जण फसतात. ‘लायसन्स फ्री’ याचा अर्थ वापरणाऱ्याला परवाना नको एवढाच. विक्रेत्याकडून मंजुरीच्या दाखल्याची प्रत मागा आणि त्यातला मॉडेल नंबर सेटच्या पाठीमागच्या स्टिकरशी एकेक अक्षर जुळवून बघा. एका दुकानदारानं मला दुसऱ्याच मॉडेलचा दाखला दाखवला होता, शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं होतं. मंजुरी त्या सेटला जशी आहे तशी मिळालेली असते, त्यामुळे नंतर लांब अँटेना लावणं किंवा ताकद वाढवून घेणं म्हणजे मंजुरीवर आपल्याच हातानं पाणी सोडणं.

२०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याची मंजुरी काय, हे विक्रीच्या पानावरच दिसायला हवं असं त्यात आहे. पानावर ‘यूएचएफ ४००–४७०’ (म्हणजे ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ) एवढंच लिहिलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरा. तो सेट ४४६ वर बोलू शकतो हे खरं, पण बाकीच्या सत्तर मेगाहर्ट्झवरही बोलू शकतो, आणि अडचण तीच आहे.

एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. हॅमचा परवाना काढला की कारखान्यात वॉकी वापरता येते, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. येत नाही. हॅमचे १४४–१४६ आणि ४३४–४३८ मेगाहर्ट्झचे पट्टे हौशी प्रयोगासाठी आहेत. त्यावर टेम्पोला गेट उघडून द्यायला सांगणं म्हणजे धंदा झाला, आणि धंद्याला तिथे मज्जाव आहे.

दुसरी पायरी: आवार पायी फिरून बघा

डब्यावरचे किलोमीटर खोटे नसतात, नुसते दुसऱ्या ठिकाणचे असतात. सपाट मोकळ्या जमिनीवर दोन माणसं सेट तोंडाशी धरून उभी राहिली तर रेडिओचं क्षितिज दहा किलोमीटरच्या आसपास येतं. मध्ये झाड नाही, भिंत नाही, पत्रा नाही. असा माळ सांगोल्याकडे सापडेल, एमआयडीसीत सापडायचा नाही. परवानामुक्त सेट अर्ध्या वॅटच्या आसपासचे असतात आणि पत्र्याच्या शेडांमधून, लोखंडी रॅकमधून, आरसीसीच्या दोन मजल्यांतून त्यांना वाट काढायची असते. आमच्याकडे ते गेटपासून मागच्या गोडाऊनपर्यंत, म्हणजे साधारण तीनशे मीटर, नीट बोलतात. त्यापुढे खरखर.

मग पाच वॅटचा घ्यावा असं वाटतं. हिशोब करून बघा. अर्ध्या वॅटवरून पाचवर गेलं की ताकद दसपट होते, पण आडोसे असलेल्या जागेत अंतर जेमतेम दुपटीच्या आतबाहेर वाढतं. उलट सेट कमरेच्या पट्ट्यावरून काढून तोंडाशी उभा धरला, दोन पावलं दाराकडे सरकलं, जिन्यावर चढलं, तर फुकटात तेवढाच फरक पडतो. ४४६ मेगाहर्ट्झची लाट सदुसष्ट सेंटिमीटरची असते. त्यामुळे ती खिडक्या-दारांतून आत शिरते, पण सलग पत्र्यापुढे आणि माणसाच्या अंगापुढेही दबते. पट्ट्याला अडकवून हेडफोननं बोलणाऱ्याचा आवाज पाठ फिरवली की तुटतो, तो यामुळेच.

म्हणून घेण्याआधी दोन सेट एक दिवसासाठी उसने किंवा भाड्यानं आणा. आवाराचा हातानं नकाशा काढा. एक माणूस गेटवर उभा करा, दुसऱ्यानं दर पन्नास पावलांवर थांबून अंक मोजत बोलायचं आणि गेटवाल्यानं नकाशावर खूण करायची: स्वच्छ, खरखर, बंद. हे रविवारी, लूम बंद असताना करू नका. गोडाऊन भरलेलं, शटर अर्धं खाली आणि टेम्पो मध्ये उभा, असा चालू दिवस निवडा. आमची बंद पडणारी जागा डाईंगच्या मागे निघाली, तिथे दोन शेडांचे पत्रे समोरासमोर येतात. त्या कोपऱ्यासाठी मी नवा सेट घेतला नाही. तिथल्या माणसानं बोलताना दारात यायचं एवढंच ठरवलं.

तिसरी पायरी: सेटमध्ये काय बघायचं

चॅनेल सोळा असले तरी सगळे सेट डब्यातून एक नंबरच्या चॅनेलवर येतात, आणि कोणी ते बदलत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर गेलात तर हा खेळ बघायला मिळेल. पाळणेवाला, पार्किंगवाला, स्टॉलवाला सगळे एकावरच. पाळणेवाला “बंद कर, बंद कर” म्हणतो आणि पार्किंगवाला शिट्टी मारून गाड्या थांबवतो. आपलं चॅनेल बदला, आणि सोबत टोन लावा.

टोन म्हणजे आवाजाखाली लपवलेला ठराविक सूर. तो जुळला तरच आपला सेट तोंड उघडतो, नाहीतर गप्प राहतो. सेटवर हे ‘३८ कोड’ किंवा ‘प्रायव्हसी कोड’ या नावानं येतं आणि त्या नावानंच घोटाळा होतो. यात गुप्त काही नाही. दुसऱ्याची बडबड आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. टोन न लावलेल्या सेटवर आपलं सगळं बोलणं ऐकू जातं. तेव्हा पार्टीचं नाव, भाव, रोकड घेऊन माणूस किती वाजता निघाला, असलं काही वॉकीवर बोलायचं नाही. आणि दोन टोळ्या एकाच चॅनेलवर वेगवेगळे टोन लावून बोलत असल्या तरी एकाच वेळी बटण दाबलं तर दोन्ही कापतात. चॅनेल वेगळं घेणं आधी, टोन नंतर.

बोललं की आपोआप चालू होणारी व्हॉक्स सोय जाहिरातीत छान वाटते. लूमच्या खात्यात ती पहिल्याच मिनिटाला बंद करा. यंत्राच्या आवाजानं सेट सतत बोलत राहतो, चॅनेल अडवतो आणि दुपारपर्यंत बॅटरी मरते. त्याऐवजी कंपन देणारा सेट आणि कानात बसणारा, गळ्याशी बटण असलेला इअरपीस घ्या. आमच्या जॉबरनं, म्हणजे लूमच्या मिस्त्रीनं, आधी “कानात वायर कसली घालता” म्हणून नाक मुरडलं होतं. आता इअरपीस विसरला तर तो परत घरी जाऊन आणतो.

पाणी आणि धूळ यासाठी आयपीचा आकडा बघा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धूळ नुकसान करण्याइतकी आत जात नाही आणि शिंतोडे चालतात. आयपी ६७ म्हणजे धूळ मुळीच नाही आणि थोडा वेळ पाण्यात पडला तरी निभतो. आमच्या कामाला पहिला अंक जास्त महत्त्वाचा, कारण कापसाचे बारीक तंतू माइकच्या भोकात जाऊन नमद्यासारखे बसतात आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो.

बॅटरी ‘१२ तास’ लिहिलेली असते ती पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के नुसतं थांबणं या हिशोबानं. सायझिंगवाल्याचा सेट सारखा बोलतो, त्याला शिफ्टच्या मध्यावर बॅटरी बदलावी लागते. म्हणून बॅटरी निघणारा सेट घ्या आणि तीन सेटमागे एक जास्तीची ठेवा. लिथियम सेल आणि चार्जर दोन्हींवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, तोही बघून घ्या.

सॉल्व्हंट, गॅसचे सिलिंडर, पेट्रोल यांच्या साठ्याजवळ साधा सेट नेऊ नका. तिथे ठिणगी न पडण्याची खात्री दिलेले वेगळे सेट येतात आणि त्यांचं प्रमाणपत्र वेगळं असतं. महाग पडतात. त्या कोपऱ्यात कोणी बोलायचंच नाही, असं ठरवणं आम्हाला परवडलं.

चौथी पायरी: अर्धा वॅट पुरत नसेल तर

साखर कारखाना असेल, उसाच्या गाड्यांची रांग दोन किलोमीटर लागत असेल, किंवा चिंचोळी एमआयडीसीतलं युनिट आणि शहरातलं गोडाऊन एकमेकांशी बोलायला हवं असेल, तर ४४६ चा पट्टा तुमच्यासाठी नाही. तिथे दोन रस्ते आहेत.

एक रस्ता रीतसर परवान्याचा. अर्ज डब्ल्यूपीसीकडे, सरल संचार या पोर्टलवरून. कंपनीच्या नोंदणीचे कागद, पॅन आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. त्यासोबत हातातले सेट किती, गाडीतले किती, ऑफिसातला पक्का सेट म्हणजे बेस कुठे, प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, ताकद आणि काम काय, एवढं सांगणारा आराखडा जोडावा लागतो. रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र) किंवा उंच खांबावरची पक्की अँटेना असेल तर जागेची वेगळी मंजुरी लागू शकते. ती देणाऱ्या समितीला साकफा म्हणतात. खांब विमानांच्या वाटेत येतो का आणि दुसऱ्या कोणाच्या यंत्रणेला त्रास देतो का, हे ती बघते. आपल्याकडे होटगी रोडचा विमानतळ शहराला चिकटून आहे. त्या बाजूला युनिट असेल तर उंचीचा आकडा अंदाजानं टाकू नका, मोजून टाका.

अर्ज मान्य झाला की आधी निर्णयपत्र येतं. त्यात फ्रिक्वेन्सी कुठली आणि भरायचे किती हे असतं. पैसे भरल्यावर चालवण्याचा परवाना मिळतो. फ्रिक्वेन्सीचं शुल्क दरवर्षी भरायचं असतं आणि ते अंतर, पट्ट्याची रुंदी आणि चॅनेलची संख्या यावर ठरतं. म्हणून ‘असू दे दोन चॅनेल जास्त’ असं मागू नका, ते दरवर्षी अंगावर येतात. आणि निर्णयपत्र हातात पडेपर्यंत सेट विकत घेऊ नका. एका ओळखीच्या कारखानदारानं सिझनच्या घाईत व्हीएचएफचे, म्हणजे यूएचएफच्या खालच्या पट्ट्याचे, सेट आधी घेतले, फ्रिक्वेन्सी मिळाली यूएचएफची. सेट अजून खोक्यात आहेत, आणि खोक्यात असले तरी बाळगणं ते बाळगणंच. सेट घेताना त्याच फ्रिक्वेन्सीवर प्रोग्राम करून, कीपॅड लॉक करून घ्या. विक्रेत्याकडे डीलर म्हणून परवाना आहे का तेही विचारा. पुढे सेट वाढवले किंवा जागा बदलली तर परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते. नव्या कायद्यामुळे अर्जाचे नमुने बदलू शकतात, तेव्हा गेल्या वर्षी मित्रानं भरलेला फॉर्म घेऊन बसू नका. पोर्टलवर आजचा कुठला आहे तो बघा.

दुसरा रस्ता सिमकार्डच्या वॉकीचा. दिसायला वॉकीटॉकी, आतून मोबाईल. बटण दाबलं की आवाज मोबाईल नेटवर्कवरून जातो, त्यामुळे सोलापुरातून पुण्यातल्या गाडीशीही बोलता येतं. फ्रिक्वेन्सी मोबाईल कंपनीची, म्हणून तिचा परवाना आपल्याला काढावा लागत नाही. महिन्याचं भाडं तेवढं भरायचं. वाहतूकवाल्यांना हा उत्तम. पण आषाढीला पंढरपुरात सेवा द्यायला जाणाऱ्या मंडळांनी याच्यावर विसंबू नये. लाखोंची गर्दी एका ठिकाणी आली की मोबाईल नेटवर्क धापा टाकतं, आणि हा सेट त्याच्याबरोबर गप्प होतो. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशीही तेच. गर्दीत स्वयंसेवकांच्या हातात ४४६ चा साधा सेट बरा.

पाचवी पायरी: बोलायची शिस्त

सेट आले त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून अर्धा तास द्या. आमच्याकडे भिंतीवर तीनच शब्द लिहिलेत: दाबा, थांबा, बोला. बटण दाबल्याबरोबर बोललं की पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा ‘नको’ असतो. “नको चालू करू”मधला ‘नको’ गेला तर उरतं काय, ते लूमवर काम केलेल्याला सांगायला नको. म्हणून आमच्याकडे ‘नको’ हा शब्दच वॉकीवर बंद आहे. ‘थांब’ म्हणायचं आणि दोनदा म्हणायचं.

हाक मारताना समोरच्याचं नाव आधी, आपलं नंतर: “बॉयलर, बॉयलर, गेट बोलतोय.” समोरच्यानं “बोला गेट” म्हटल्यावरच पुढचं. माणसाच्या नावापेक्षा जागेच्या नावानं हाक मारलेली बरी, कारण शिफ्ट बदलते आणि आमच्याकडे चार श्रीनिवास आहेत.

आकड्यांचा घोळ तर मराठीचा खास. खरखरीत पंचावन्न, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव एकसारखेच ऐकू येतात. एकदा पंचावन्न नंबरचा बीम मागितला तर पंच्याण्णवचा येऊन पडला, आणि तो परत न्यायला चार माणसं अडकली. आता आकडे सुटे: “पाच, पाच.” ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणायचं. आमच्याकडचे निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. त्यांना मराठी येतं, पण घाईत तोंडातून आपली भाषाच निघते, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून दहा शब्द सगळ्यांचे एकच ठरवले: थांब, चालू, बंद, आग, वीज, पाणी, माणूस, गाडी, गेट, डॉक्टर. बाकी कुठल्याही भाषेत बोला. ‘आग’ ऐकू आलं की बाकी सगळ्यांनी बटणावरचं बोट काढायचं.

सहावी पायरी: सेट टिकवायचे कसे

सगळ्यात आधी कॉम्प्रेसरपासून लांब. लूम खात्यात प्रत्येक गोष्ट हवेच्या नळीनं साफ करायची सवय असते: अंग, कपडे, मोटर, डबा. आमच्या एका पोरानं मोठ्या कौतुकानं सेटच्या माइकवर नळी धरली. माइकचा पडदा गेला, सेट ऐकायला चालू, बोलायला मुका. मऊ कोरडा ब्रश घ्या, दात घासायचा जुना चालतो, आणि आठवड्यातून एकदा भोकावरून वरच्यावर फिरवा.

दुसरा शत्रू आपलं ऊन. लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करायची नसते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याखालच्या केबिनमध्ये तेवढं तापमान सहज होतं. आमचा चार्जरचा फळीस्टँड आधी तिथेच होता आणि दोन उन्हाळ्यांत चार बॅटऱ्या फुगल्या. आता तो ऑफिसच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवून जेवायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी दाबून परत बसवायला बघू नका.

प्रत्येक सेटवर ऑइल पेंटनं नंबर घाला, बॅटरीवरही तोच. चार्जरशेजारी वही लटकवा: नंबर, जागा, घेतल्याची वेळ, सही. पहिल्या पानावर ईटीएच्या दाखल्याची आणि बिलाची प्रत चिकटवलेली असू द्या. कोणी विचारायला आलं तर मालकाला फोन लावत बसावं लागत नाही. आमच्या वहीत सात नंबरच्या सेटपुढे गेल्या दिवाळीपासून एकाच माणसाची सही आहे. अण्णा तो घरी नेतात का, ते मी अजून विचारलेलं नाही. सकाळी सातला सेट फळीवर असतो आणि पूर्ण चार्ज असतो.